गळ्यात नळी असलेल्या मुलाची तातडीची पिशवी : सीमाभागातल्या आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

माझी लेक आठ महिन्यांची असताना तिची ट्रॅकिओस्टॉमी झाली, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी घातली. जन्मल्यावर बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहावं लागल्यानं स्वरयंत्राच्या खाली तिची श्वासनलिका अरुंद झाली होती. आता ती सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते, आणि नळी अजून आहे. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. दवाखान्यात ओळख झालेल्या घरांतून, मग त्यांच्या ओळखीच्यांकडून, असे मला निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव भागातून फोन येत असतात. त्यात तातडीच्या पिशवीबद्दल, म्हणजे नळी बंद झाली किंवा निघाली तर लागणारं सामान ज्यात असतं त्या पिशवीबद्दल, विचारले जाणारे प्रश्न इथं एकत्र लिहिले आहेत. मी डॉक्टर नाही, आई आहे. नळीची साईज, सक्शनचा (नळीतला कफ ओढून काढायचा) दाब, कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी) किती आत घालायचा, हे आकडे तुमच्या ईएनटी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पिशवीलाच चिकटवून ठेवा.

पिशवीत नक्की काय काय हवं?

सगळ्यात आधी दोन नळ्या. एक मुलाच्या गळ्यात आहे त्याच साईजची, दुसरी एक साईज लहान. दोन्ही बंद पाकिटात, आत घालण्याच्या सळईसकट. आमच्याकडं दवाखान्यात तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. नळी बांधायच्या नाड्या किंवा वेल्क्रोचा पट्टा मापानं कापून तयार ठेवा. घाईत नाडी कापत बसायला वेळ नसतो. गोल टोकाची कात्री हवी, म्हणजे जुनी नाडी कापताना मानेला टोचणार नाही. पाण्यात विरघळणाऱ्या जेलीची छोटी पाकिटं, गॉज आणि हातमोजे.

मग सक्शन. बॅटरीवर चालणारं लहान मशीन, आणि योग्य साईजचे निदान सहा-सात कॅथेटर. कॅथेटरचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. नळीच्या आतल्या व्यासाचे मिलिमीटर दुप्पट केले की फ्रेंच आकडा, म्हणजे कॅथेटरच्या जाडीचा नंबर येतो. म्हणजे ४ ची नळी असेल तर ८ नंबरचा कॅथेटर. त्यापेक्षा जाड घातला तर सक्शन चालू असताना मुलाला हवाच मिळत नाही. याशिवाय मशीन बंद पडलं तर म्हणून एक मोठी सिरिंज, ५० किंवा ६० मिलीची, तिला कॅथेटर बसतो की नाही हे आधी बघून ठेवलेली.

अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, मुलांच्या मापाची. तिच्याबरोबर दोन मास्क, एक चेहऱ्याला बसणारा आणि एक अगदी लहान, गोल, गळ्याच्या छिद्रावर बसेल असा. सलाईनच्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या. नळीला लावायचं कृत्रिम नाक, म्हणजे हवा ओलसर आणि गाळून आत नेणारी ती छोटी डबी, दोन-तीन नग. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. नळीला फुगा असेल, म्हणजे इंग्रजीत म्हणतात ती 'कफ्ड' नळी असेल, तर तो फुगवायची-सोडायची सिरिंज. एक टॉर्च. माहितीचं कार्ड, त्याबद्दल खाली लिहिते.

यादी लांब वाटते, पण शाळेच्या मोठ्या दप्तरात सगळं बसतं. माझ्या पिशवीचे दोन कप्पे आहेत. वरच्यात फक्त श्वासाचं सामान असतं, नळ्या, नाड्या, कात्री, जेली, अंबू. बाकी सगळं खाली. दोन्ही हात थरथरत असताना डोळे झाकूनसुद्धा नळी सापडली पाहिजे, एवढाच हिशोब मी धरला.

एक साईज लहान नळी कशाला? आमच्याकडं तीच साईज दोन आहेत की.

नळी बाहेर आली की छिद्र आखडायला लागतं. नवीन छिद्र असेल तर फारच पटकन. त्याच साईजची आत जाईना तर लहान जाते, आणि लहान नळीतूनही दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास चालतो. इथं एक चूक माझ्याकडून झाली होती ती सांगते. लेकीची साईज ३.५ वरून ४ केली, पण पिशवीत ३.५ आणि ३ तशाच राहिल्या. तीन आठवडे माझ्याकडं चालू साईजची जादा नळीच नव्हती, आणि मला वाटत होतं सगळं तयार आहे. साईज बदलली की त्याच दिवशी, दवाखान्यातून निघायच्या आधी, पिशवी बदला. जुनी साईज तेव्हा तुमची 'लहान नळी' होते.

आमच्या पोराची नळी धातूची आहे. तिलाही हेच सामान लागतं का?

बरंचसं हेच, पण एक मोठा फरक आहे. प्लॅस्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या नळीला बाहेर १५ मिलिमीटरचं तोंड असतं, त्यावर अंबू बॅग बसते. फुलरसारख्या धातूच्या नळीला ते तोंड नसतं. त्यामुळं अंबू बॅग पिशवीत असूनही ऐनवेळी जोडता येत नाही. हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टरांना विचारून योग्य साईजची एक प्लॅस्टिकची नळी पिशवीत ठेवा, आणि तो छोटा गोल मास्क नक्की ठेवा. धातूच्या नळीत आतली नळी वेगळी असते. बंद पडल्यासारखं वाटलं तर आधी आतली नळी बाहेर काढा, पुष्कळदा वाळलेला कफ तिच्यातच असतो.

पिशवी घरात कुठं ठेवायची?

खोलीत नाही, कपाटात नाही, गाडीत तर नाहीच. मूल स्वयंपाकघरात आलं की पिशवी स्वयंपाकघरात. अंगणात खेळायला गेलं की पिशवी तुळशीच्या कट्ट्यावर. न्हाणीत न्हायला नेलं की न्हाणीच्या दारात.

हे मी एवढं ठासून का सांगते तर माहेरच्या यात्रेत आम्ही पिशवी जीपमध्ये ठेवली होती. मंडपापासून जीप शंभर-दीडशे पावलांवर. लेक माझ्या मांडीवर होती. पालखी आली, भंडारा उधळला गेला, आणि थोड्या वेळानं तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मग आवाजच थांबला. नवरा जीपकडं धावला तर मागं-पुढं गाड्या लागलेल्या, आणि किल्ली ड्रायव्हरकडं, तो जेवायला बसलेला. माझ्या भाच्यानं दगडानं काच फोडली. कॅथेटर आत जाईना. माझ्या जावेनं नाडी कापली, मी नळी काढली, नवी घातली. काढलेल्या नळीत वाळलेल्या कफाचा गोळा होता, हळदीनं पिवळा झालेला. लेकीच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत मी देवीचं नावसुद्धा घेतलं नाही, फक्त तिच्या छातीकडं बघत होते. त्या दिवसापासून पिशवी माझ्या किंवा नवऱ्याच्या खांद्यावर असते. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नये याला आणखी एक कारण आहे. तिथल्या उष्णतेनं प्लॅस्टिक, जेली आणि बॅटरी, तिन्ही खराब होतात.

नळी बंद झाली किंवा निघाली तर पिशवीतून आधी काय काढायचं?

हे वाचून येत नाही, हातानं शिकावं लागतं. दवाखान्यातून सोडायच्या आधी सिस्टरांसमोर नळी निदान दोनदा स्वतः बदलल्याशिवाय घरी येऊ नका. तरी क्रम सांगते.

एकानं हाक मारून दुसऱ्याला बोलवायचं. दुसरा १०८ लावतो, पहिला मुलाजवळून हलत नाही. खांद्याखाली टॉवेलची घडी, म्हणजे गळा मोकळा दिसतो. कृत्रिम नाक किंवा बोलायचा व्हॉल्व्ह लावला असेल तर तो काढा. सक्शन करा, एका वेळी पाच ते दहा सेकंदच. कॅथेटर आत गेला, कफ आला, श्वास लागला, तर ठीक. कॅथेटर अडला किंवा आत जाऊनही मूल सुधारेना, तर वाट बघायची नाही, नळी बदलायची. फुग्याची नळी असेल तर आधी फुगा सोडा. त्याच साईजची जाईना तर लहान. नळी आत गेल्या क्षणी सळई बाहेर ओढा. सळई आत राहिली तर नळी पूर्ण बंदच असते, आणि घाबरलेल्या माणसाकडून ही चूक होते. लहान नळीही जाईना तर तिच्यातून सक्शनचा कॅथेटर ओवून, कॅथेटरचं टोक छिद्रात घालून, त्याच्यावरून नळी सरकवायची पद्धत आहे. ती डॉक्टरांकडून शिकून घ्या.

काहीच जाईना आणि मूल श्वास घेत नसेल, तर पुढं काय हे तुमच्या मुलाच्या वरच्या श्वासमार्गावर अवलंबून आहे. काही मुलांचा तोंड-नाकाचा मार्ग मोकळा असतो, त्यांना छिद्र गॉजनं झाकून तोंडावर मास्क लावून अंबूनं श्वास देता येतो. माझ्या लेकीचा वरचा मार्ग अरुंद आहे, तिला गळ्याच्या छिद्रावर लहान मास्क धरूनच द्यावा लागेल. 'वरून श्वास देता येतो का?' हा एक प्रश्न डॉक्टरांना आज विचारा आणि उत्तर मोठ्या अक्षरात पिशवीवर लिहा. छाती दाबून श्वास देण्याचं शिक्षणही घ्या. हवा मिळाली नाही तर मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते, आणि आमच्या गावातून बेळगावच्या दवाखान्याला जायला तास लागतो. म्हणून जे करायचं ते घरातच करावं लागतं.

पावसात आमच्याकडं लाईट दोन-दोन दिवस नसते. सक्शन मशीनचं काय करायचं?

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि बरोबर आहे. झाड पडलं, तार तुटली, की हेस्कॉमची माणसं येईपर्यंत रात्र जाते.

पहिलं काम, मशीनची बॅटरी खरोखर किती चालते ते स्वतः मोजा. पूर्ण चार्ज करून, घड्याळ लावून, बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कागदावर लिहिलेले आकडे नव्या बॅटरीचे असतात, दोन पावसाळे काढलेल्या बॅटरीचे नाहीत. आलेला आकडा मशीनवर लिहा आणि दर सहा महिन्यांनी परत मोजा. दुसरं, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी वायर घ्या, ती बहुतेक मशीनना मिळते. तिसरं म्हणजे पायानं दाबायचं सक्शन. याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि माझ्या मते खेड्यातल्या घरात हे इन्व्हर्टरच्या आधी यायला पाहिजे. महिन्यातून एकदा वाटीभर पाणी ओढून बघायचं. सगळ्यात शेवटी सिरिंज. तिच्यानं पातळ कफ निघतो, घट्ट निघत नाही.

मशीनचा दाब लहान मुलांना साधारण ८० ते १०० मिलिमीटर पाऱ्याचा ठेवतात. तुमचा आकडा विचारून घ्या आणि डायलवर त्या जागी चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे अंधारात आजीलाही कळतं.

ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरतो?

घरी सहसा असतो तो बी टाईप, पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. मीटरचा काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा. काँसन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या विजेच्या मशीनवर असलेल्या मुलांच्या घरी लाईट गेली की तो बंद, म्हणून सिलिंडर भरलेला हवाच. चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब ठेवा, आणि व्हॉल्व्हला तेलाचा हात लावू नका.

जेली संपली तर व्हॅसलीन, खोबरेल चालेल का? सलाईन घरी करता येतं का?

नाही. व्हॅसलीन, तेल, तूप छातीत उतरलं तर फुप्फुसाला त्रास होतो. जेली नसेल तर सलाईनच्या कुपीतल्या पाण्यानं नळीचं टोक ओलं करा. घरी मीठ घालून केलेलं पाणी पिशवीत ठेवू नका, आणि उघडलेली मोठी बाटलीही नको. छोट्या कुप्याच घ्या.

१०८ ला फोन लावला तर काय सांगायचं? आम्ही सीमेवर आहोत.

कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडं नंबर १०८ च आहे. पण निपाणीकडच्या, किंवा चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत तुमचा मोबाईल पलीकडच्या टॉवरला लागलेला असू शकतो. म्हणून नावाच्या आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा. मग एकच वाक्य, 'मुलाच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, ती बंद झाली आहे.' फोनवर बोलणारा कन्नडच बोलत असेल तर गडबडू नका. आम्ही हे वाक्य फ्रीजवर देवनागरीत लिहून लावलं आहे : 'ई मगु कुत्तिगेयल्लिरुव कोळवेयिंद उसिराडुत्तदे.' म्हणजे हे मूल गळ्यातल्या नळीतून श्वास घेतं. त्याखाली 'ऑक्सिजन कुत्तिगेगे कोडी', ऑक्सिजन गळ्याला द्या. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण नळी न पाहिलेला माणूस सवयीनं फक्त नाका-तोंडावर मास्क लावतो.

कार्ड तीन भाषांत करा, कन्नड, मराठी, इंग्रजी. त्यावर मुलाचं नाव, वजन, रक्तगट, ट्रॅकिओस्टॉमी कशासाठी आणि कधी झाली, नळीचा प्रकार आणि साईज, कॅथेटरचा नंबर आणि तो किती सेंटिमीटर आत घालायचा, वरचा मार्ग मोकळा आहे का, औषधं, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन. कन्नड मजकूर शेजारच्या शाळेतल्या बाईंकडून तपासून घ्या. आमच्याकडं त्यांनी स्वतः सुंदर अक्षरात लिहून दिला, आणि रात्री एक वाजता अँब्युलन्समधल्या मुलानं तो वाचला. त्याला मराठी येत नव्हतं, मला कन्नड तोडकं येतं. एकही प्रश्न न विचारता त्यानं ऑक्सिजन गळ्याला धरला.

पुरात रस्ता बंद झाला तर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत कोल्हापूरजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद राहिली. निपाणी-चिकोडीकडची बरीच घरं कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरांवर अवलंबून आहेत. त्यांनी जून उजाडायच्या आधी दुसरा दवाखाना ठरवून ठेवावा, बेळगावच्या बाजूचा. एकदा मुलाला तिथं दाखवून फाईल उघडून यावं. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठच्यांनी घरात तीन-चार आठवड्यांचे कॅथेटर आणि सलाईन ठेवावं, आणि ते वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यात.

भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, कृष्णापूर, गवाळीसारख्या गावांचं दुखणं वेगळं आहे. तिथं ओढे भरले की माणूस अडकतो आणि मोबाईलला रेंज नाही. अशा घरांना मी स्पष्टच सांगते, पावसाचे तीन महिने मुलाला घेऊन खानापुरात किंवा बेळगावात नातेवाइकांकडं राहा. शेती, जनावरं, म्हातारी माणसं सोडून येणं किती अवघड आहे हे मला माहीत आहे. तरीही सांगते.

यात्रेला, लग्नाला न्यायचंच नाही का?

न्या. मूल घरात कोंडून ठेवायला नळी घातलेली नाही. भंडारा, गुलाल उधळतात तिथून लांब, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला बसा आणि कृत्रिम नाक लावलेलं असू द्या. ते धूळ गाळतं, पण ओलं झालं किंवा कफानं भरलं की बदलायचं. निपाणीकडं तंबाखूची धूळ, ऊसपट्ट्यात पाचट जाळल्याचा धूर, दोन्हीपासून जपा.

हे सामान मिळतं कुठं? योजनेतून मिळेल का?

बेळगावात सर्जिकलच्या दुकानांत कॅथेटर, सलाईन, जेली, अंबू मिळतात. लहान मुलांच्या साईजची नळी मात्र बहुतेक वेळा मागवावी लागते, म्हणून हातातली वापरली की त्याच दिवशी पुढची सांगून ठेवा. पाकिटावरची तारीख बघूनच पैसे द्या.

योजनांचं म्हणाल तर कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ द्यायचा निर्णय घेतला. दोन्ही मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत, पिशवीतल्या सामानासाठी नाहीत. पण दाखल असतानाच योजनेच्या टेबलावरच्या माणसाला आणि दवाखान्याच्या समाजसेवा विभागाला विचारा. घरी आल्यावर विचारणं फार जड जातं. पैसे कमी असतील तर आधी दोन नळ्या, नाड्या, कॅथेटर आणि अंबू घ्या. ऑक्सिमीटर नंतर आला तरी चालेल. आकडा दिसायच्या आधी मुलाचा चेहरा सांगतो.

पिशवी किती वेळा तपासायची?

रोज सकाळी, एक मिनिट. माझी यादी पिशवीच्या झाकणाला आतून शिवलेली आहे. मशीन चालू करून ओढ बघायची, वरचा कप्पा हातानं चाचपायचा. वापरलेली वस्तू त्याच दिवशी परत भरायची. तारखा महिन्याच्या पहिल्या तारखेला. पावसाळ्यात पाकिटं दमट होतात, फाटलेलं किंवा फुगलेलं पाकीट निर्जंतुक समजू नका.

सासूबाईंना शिकवायचं का? त्या घाबरतात.

दिवसा घरी कोण असतं? त्याच ना? मग त्यांनाच आधी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, 'बाई, माझ्यानं न्हाई व्हायचं ते.' आम्ही एका जुन्या बाहुलीच्या गळ्याला भोक पाडलं, मुदत संपलेली नळी दिली, आणि त्या रोज दुपारी गहू निवडून झाले की बाहुलीची नळी बदलायच्या. महिन्याभरात त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर झाला. निदान दोघांना सगळं आलंच पाहिजे. एकटी आई शिकली तर ती कधी झोपणार आणि कधी आजारी पडणार? लेकीच्या भावालाही एक काम दिलं आहे. हाक आली की पिशवी आणून उघडायची, आणि मग टॉर्च धरायची.

शाळा, अंगणवाडी पिशवी ठेवून घेईल का?

आमच्या शाळेत पहिले दोन महिने मी वऱ्हांड्यात बसत होते. मग बाई शिकल्या. पिशवी ऑफिसात नाही, वर्गात, लेकीच्या बाकाशेजारी असते, आणि खेळाच्या तासाला मैदानावर जाते. हे आधीच लेखी ठरवून घ्या.

नळी निघाल्यावर पिशवी कधी बंद करायची?

डॉक्टर सांगतील तेव्हा. नळी काढल्यावरही छिद्र लगेच बुजत नाही, आणि सुरुवातीला परत नळी घालायची वेळ येऊ शकते, म्हणून तोवर पिशवी तशीच भरलेली ठेवायची. नंतर तारीख शिल्लक असलेली, न फोडलेली पाकिटं तुमच्या ईएनटी विभागातल्या सिस्टरांकडं द्या. आमच्या पिशवीतली पहिली ३.५ ची नळी अशीच गोकाकच्या एका बाळाची आली होती. त्याची नळी निघाली होती. तो आता शाळेत गातो, असं त्याच्या आईनं मला फोनवर ऐकवलं.